शिधा घ्यायला आलेल्यांना आरतीला बसवावं का? देवळातल्या शिधाकेंद्राबद्दल सल्ला हवा

प्रश्न – लोकमान्यनगरकर

नमस्कार. ठाण्यात लोकमान्यनगरच्या बाजूला आमचं लहानसं भजनी मंडळ आहे. देवळामागची साधारण ३०० चौरस फुटांची खोली विश्वस्तांनी वापरायला दिली आहे. गणपतीनंतर तिथून दर रविवारी सकाळी ६० कुटुंबांना कोरडा शिधा द्यायचा विचार आहे. घरकाम करणाऱ्या बायका, नाक्यावर उभे राहणारे मजूर आणि एकटे राहणारे वृद्ध, अशी ही घरं आहेत. शिजवलेलं अन्न द्यायचं नाही एवढं ठरलंय.

अडलंय दोन ठिकाणी. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, देवाच्या दारात आलेल्याने दहा मिनिटं हरिपाठाला बसावं, आरती घ्यावी आणि मग शिधा न्यावा. नुसतंच वाटायचं तर ते दुकान झालं. तरुण मुलांना हे पटत नाही. पण "मग यात भक्ती कुठे राहिली?" असं विचारलं की तीही गप्प होतात. दुसरं म्हणजे, वाटप झाल्यावर आठवी-नववीच्या सेवेकरी मुलांना घेऊन थोडं बसावं आणि या कामातून काय उमगलं ते बोलावं, असं मनात आहे. त्याचं प्रवचन होऊ नये. ते कसं घ्यावं?

शिवाय माल किती लागेल, कुठून घ्यावा, कसा ठेवावा आणि नेमकं काय बिघडतं, हेही जाणकारांनी तपशिलात सांगितलं तर उपकार होतील.

प्रतिसाद – शिधा_ठाणे

आरतीचं आधी बोलू, बाकीची मांडणी त्यावरच ठरते.

आरती जरूर करा, पण दार उघडण्याच्या अर्धा तास आधी, आतल्या आत आणि सेवेकऱ्यांपुरती. शिध्यासाठी आलेल्यांना तिला बसवू नका. घरातली डाळ संपलेली बाई पिशवीसाठी हात जोडेल, टाळ्याही वाजवेल. त्यातलं देवापर्यंत काय पोचलं हे आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्या गरजेची किंमत वसूल केली गेली, हे मात्र तिला पक्कं कळेल. तुमच्या ६० घरांत बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती घरंही असणार. ती यायची बंद होतील आणि का बंद झाली हे सांगायला कोणी येणार नाही. ज्यांना मनापासून दर्शन घ्यायचंय त्यांच्यासाठी देऊळ उघडं आहेच. खोलीला रस्त्याच्या बाजूने दार असेल तर वाटपाला तेच वापरा, म्हणजे गाभाऱ्यासमोरून जायचं की नाही हे ज्याचं तो ठरवेल. प्रसादही शिध्याच्या पिशवीत घालू नका. बाजूला ताटात ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

ज्येष्ठांना शास्त्राचा आधार हवा असेल तर गीतेचा सतरावा अध्याय उघडा, श्लोक २० ते २२. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य जागी आणि योग्य वेळी दिलेलं दान सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, किंवा जिवावर येऊन दिलेलं राजस. मान न राखता, तुच्छतेने दिलेलं तामस. आरतीची अट ही परतफेडच झाली. देणगीदाराबरोबर पिशवी धरून काढलेला फोटोही तेच. आणि म्हाताऱ्या माणसाला दोन तास उन्हात उभं करणं तिसऱ्या प्रकारात जातं, पिशवीत कितीही चांगला माल असो. जागा आणि वेळ हा तिथे दानाचाच भाग मानला आहे. "भक्ती कुठे राहिली" याचं उत्तर म्हणून पुढचा सगळा तपशील वाचा.

वेळ. रविवारची सकाळ ही देणाऱ्यांच्या सोयीची वेळ आहे. घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी सुट्टी असतेच असं नाही. सगळे घरी असल्याने कामं उलट वाढतात. त्यांना जरा मोकळीक मिळते ती दुपारी २ ते ४. मजूर सकाळी ७ ते ९ नाक्यावर असतो, ती वेळ हुकली की त्या दिवसाची मजुरी गेली. त्याला संध्याकाळी ७ नंतरच जमतं. म्हणून दोन पाळ्या करा: दुपारी २.३० ते ४ आणि संध्याकाळी ७.३० ते ९.

आणि दर आठवड्याला ६० घरं घेऊ नका. १५ दिवसांचा शिधा द्या. एका आठवड्याला ३० घरं, पुढच्या आठवड्याला उरलेली ३०. येणाऱ्याची खेप वाचते, तुमचं काम निम्म्यावर येतं.

सगळ्यात जास्त बिघडते ती रांग. "आधी येईल त्याला" असं ठेवलंत की दार अडीचला उघडणार असलं तरी लोक बारापासून येऊन बसतात, कारण माल संपण्याची भीती खरी असते. मग धडधाकट पुढे आणि काठीवाले मागे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक घराला अर्ध्या तासाची ठरलेली वेळ द्यायची, अर्ध्या तासात ५ घरं, आणि त्यांचा माल नावावर राखून ठेवायचा. पावसाने किंवा बस न मिळाल्याने कोणी उशिरा आलं तरी त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे. दोन-तीन खेपा हे काटेकोर पाळलंत की लोकांचा विश्वास बसतो आणि रांग आपोआप मोडते. भिंतीलगत सात-आठ खुर्च्या, पंखा आणि प्यायचं पाणी ठेवा.

माल. तांदूळ-गहू सरसकट देऊ नका. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. कमी पडते ती डाळ, तेल, शेंगदाणे, चहा-साखर. चौघांच्या घराला १५ दिवसांसाठी हिशेब असा धरा: दोन प्रकारच्या डाळी मिळून २ किलो (माणशी रोज ३०-३५ ग्रॅम पडते), तेल १ लिटर, साखर १ किलो, पोहे १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, चहा पावडर पाव किलो. मीठ आणि हळद-तिखट महिन्यातून एकदा. ज्यांच्याकडे कार्डच नाही किंवा यादीत नाव नाही, त्यांनाच शिवाय १० किलो तांदूळ आणि ५ किलो आटा. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतच असेल असं धरू नका. प्राधान्य यादीत नाव आहे का ते विचारा.

बांधून ठेवलेल्या पिशव्यांपेक्षा निवडून घेऊ द्या, असं माझं ठाम मत आहे. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या घराला आटा लागतो, कोकणातल्याला तांदूळ, मराठवाड्यातून आलेल्याला ज्वारी. न लागणारा माल शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात निम्म्या भावाने विकला जातो. चौघांच्या घराला १५ टोकन द्या. डाळ किलोला ३, तेल लिटरला ३, साखर आणि पोहे किलोला १-१, अर्धा किलो शेंगदाण्यांना २, पाव किलो चहाला २. टोकनांचा दर बाजारभावाच्या प्रमाणात ठेवा, नाहीतर सगळे तेलच उचलतील आणि दुपारच्या पाळीतच ते संपेल. दोन्ही पाळ्यांचा माल आधीच निम्मा-निम्मा वेगळा काढा.

द्यायची रीत मुलांना शिकवावी लागते. टेबलाच्या पलीकडून पिशवी सरकवायची नाही. टेबलाला वळसा घालून त्या माणसाच्या बाजूला यायचं, पिशवी उघडी धरायची आणि जिन्नस त्यांना स्वतःला आत ठेवू द्यायचा. "काका, मूगडाळ घेताय की मसूर?" असं विचारायचं. "पुढचा नंबर" हा शब्द खोलीत नको. डोळे हातातल्या यादीवर नकोत, समोरच्याच्या चेहऱ्याकडे हवेत. आणि फोन सगळ्यांनी कपाटात ठेवायचे, विश्वस्तांनीसुद्धा.

मुलांच्या बैठकीला २० मिनिटं पुरतात. "तुला कसं वाटलं?" विचारू नका, पाठ केलेली उत्तरं येतात. त्याऐवजी आज कोणाला ताटकळावं लागलं आणि कशामुळे, टेबलावर काय उरलं आणि का, आलेल्या माणसांपैकी कोणी आपल्याला काय दिलं, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर मुलं सुरुवातीला अडखळतात. मग कोणीतरी सांगतं की एका आजींनी पोत्याची गाठ एका झटक्यात कशी सोडायची ते दाखवलं. तिथून खरं बोलणं सुरू होतं. "बिचारे" हा शब्द चालणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा. मोठ्यांनी शेवटी बोलायचं, तेही दोन वाक्यं. मग पाच मिनिटं नामस्मरण करून उठायचं.

प्रतिसाद – तुर्भेकर

खरेदी आणि साठवणीचं मी लिहितो.

वरच्या हिशेबाने ६० घरांना महिन्याला २४० किलो डाळ, १२० लिटर तेल, १२० किलो साखर, १२० किलो पोहे आणि ६० किलो शेंगदाणे लागतील. एवढ्या मालासाठी वाशीच्या एपीएमसी धान्य बाजारात जाणं परवडतं, पण भाव विचारताना हमाली आणि टेम्पोचं भाडं धरून किलोचा दर काढा. डाळीची पाचच पोती घेणार असाल तर कधीकधी जांभळी नाक्याचा घाऊक दुकानदार तेवढ्यालाच पडतो आणि खराब पोतं बदलूनही देतो. बिल ट्रस्टच्या नावानेच घ्या. तुरीची नवी आवक जानेवारी ते मार्च असते. तेव्हा भाव बरा वाटला तरी वर्षाचा साठा करू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद खोलीत डाळ तीन महिन्यांपलीकडे ठेवण्यात अर्थ नाही.

पोतं जमिनीवर टेकवायचं नाही. लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून निदान चार बोटं वर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. जुलैत भिंतीला ओल येते. टेकलेल्या पोत्याचा तेवढाच भाग आतून लागतो, बाहेरून काही दिसत नाही. मग तीच डाळ पुड्यांत जाते आणि कुबट वासाची तक्रार महिन्याभराने येते. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख जाड पेनाने लिहा. नवा माल मागे, जुना पुढे. तांदूळ-डाळीला सोंडे किंवा भुंगे लागायला वेळ लागतो; रवा, बेसन आणि आटा मात्र लवकर जाळी धरतात. चमचाभर रवा उचलल्यावर दाणे सुटे न पडता धाग्यासारखे लोंबले तर अख्खा डबा बाद. चाळून देऊ नका. जे आपल्या चुलीवर चढणार नाही ते पिशवीत जाऊ नये, एवढा एक नियम ठेवलात तर बाकीचे वाद मिटतात.

शेंगदाण्यांत सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे दिसले तर ते वेचून बाकीचे द्यायचे नाहीत. बुरशीचं विष दिसणाऱ्या दाण्यापुरतं राहत नाही आणि भाजल्याने पुरतं जातही नाही.

हे कळकळीने सांगतो: किडीसाठी धान्यात सल्फासच्या गोळ्या टाकू नका, कोणी "एकच टाका, काही होत नाही" म्हटलं तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो भिंतीपलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसांचाही जीव घेऊ शकतो. ते काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांचं, आणि तेही गोदामात. देवळामागच्या खोलीत नाही. तुम्ही झाकणाचे कोरडे डबे, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि लवकर खप यावर भर द्या.

तोलताना रिकामी पिशवी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि मग भरा. ५० किलोच्या पोत्यातून किलोचे ५० पुडे निघतील असं धरू नका. बारदानाचं वजन वजनात धरलेलं असू शकतं, थोडं सांडतं, तळाला माती निघते. ४९ धरा. दर दहावा पुडा दुसऱ्याने परत तोलायचा. ९८० ग्रॅमचा पुडा आढळला तर त्या तुकडीचे सगळे पुडे उघडा. दोन चिमटी जास्त गेली तर जाऊ दे, कमी जाता कामा नये. मुलांना हे काम फार आवडतं आणि चोख जमतं. पुड्यावर जिन्नस, वजन आणि बांधल्याची तारीख लिहा.

तेल फक्त सीलबंद पाऊचमध्येच घ्या. खाद्यतेल सुटं विकायलाच कायद्याने मनाई आहे, आणि डब्यातून बाटल्या भरत बसलात तर खोली महिनाभर तेलकट राहते. पाऊच क्रेटमध्ये तीन थरांपेक्षा जास्त रचू नका. खालचे फुटतात आणि शेजारचा आटा जातो.

लोक घरून वस्तू आणून देतील. निदान महिनाभराची मुदत शिल्लक असलेलं, न उघडलेलं पाकीटच घ्या. बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे कोणी दिले तर नम्रपणे परत करा; १९९२ च्या कायद्यानुसार अशी पावडर अनाथालयांखेरीज कुठे दान करता येत नाही, कारण फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटतं. धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागू आहे, शुल्क वर्षाला १०० रुपये, अर्ज ऑनलाइन होतो. ती करून घ्या.

पुढेमागे खारघरच्या ॲक्ट्रेकभोवती (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) खोल्या घेऊन राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना शिधा द्यायचा झाला तर पुडे पाव-अर्धा किलोचे करा आणि फक्त कंपनीचे सीलबंद. उपचार चालू असलेल्या माणसाला सुटा माल नको.

प्रतिसाद – माजिवडेकर

आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागात) हे काम सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या पद्धतीने चालतं. १८३३ मध्ये पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांनी फ्रेडरिक ओझानाम यांच्यासोबत ती सुरू केली. तिचा गाभा म्हणजे घरभेट, तीही दोघांनी मिळून. तुमच्या मंडळाला यातून घेण्यासारखं बरंच आहे.

नाव यादीत घेण्याआधी घरी जा, बोलावून घेऊ नका. दोघांनी जायचं, त्यातली एक शक्यतो बाई. घरात एकटी बाई असली तरी तिला अवघड वाटत नाही, आणि एकाच्या मनात काही ग्रह झाला तर दुसरा सावरतो. पंधरा मिनिटं पुरे. जेवणारी तोंडं किती, कार्ड कुठलं आणि धान्य उचलता येतं का, गॅस आहे की स्टोव्ह, घरात आजारी कोणी आहे का, एवढंच विचारा. टीव्ही दिसला म्हणून नाव कापू नका. टीव्ही बऱ्या दिवसांत घेतलेला असतो आणि घरातलं हातावरचं काम गेल्या महिन्यात गेलेलं असतं. येशूने न्यायनिवाडा करू नका असं सांगितलं आहे, पण ते पाळायला भेटीनंतरची पाच मिनिटं सगळ्यात कठीण जातात, जेव्हा दोघं जिना उतरताना बोलू लागतात. आमच्यात नियम असा की जिन्यात आणि रस्त्यावर त्या घराबद्दल अवाक्षर नाही.

त्याच चाळीतला सेवेकरी त्याच चाळीच्या नोंदवहीवर बसवू नका. आणि मुलांबद्दल एक नाजूक गोष्ट: तुमची आठवी-नववीची मुलं ज्या शाळेत जातात, त्याच शाळेतली मुलं आईबरोबर शिधा न्यायला येणार. वर्गातल्या मित्रासमोर पिशवी धरणं कोणत्याही पोराला जड जातं. मुलांना तोलणं, पुडे बांधणं, खोली झाडणं यावर ठेवा. वाटपाच्या वेळी आतल्या बाजूला. नववीतल्याला हा निर्णय कारणासकट सांगितला तर त्याला तो कळतो, आणि तुमच्या बैठकीत बोलण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

एकट्या वृद्धांना बोलावू नका, पोचवा. त्यांना टोकनांचा हिशेब नको. हरभराडाळीऐवजी मूगडाळ, पाव किलोचे पुडे, साखर विचारून. पिशवी दारात ठेवून परतायचं नाही, आत जाऊन डब्यात ओतून द्यायचं. जुना डबा उघडला की आधीचं किती उरलंय ते दिसतं, आणि माणूस नीट जेवतोय की नाही हे तिथेच कळतं.

प्रतिसाद – कौसा_मुंब्रा

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत. हिशेब आणि कागदपत्रांबद्दल थोडी भर.

तुमच्या भागातले मुसलमान शेजारी पैसे देऊ लागले तर आधी विचारा: जकात (बंधनकारक दान) की सदका (ऐच्छिक दान)? जकात साठलेल्या मालमत्तेवर अडीच टक्के असते आणि ती कोणाला देता येते ते आठ प्रकार कुराणात (सूरा ९, आयत ६०) ठरलेले आहेत. ती सगळ्यांच्या मालात मिसळली तर देणाऱ्याचा फर्ज (धार्मिक कर्तव्य) अदा झाला की नाही हा प्रश्न राहतो. त्यामुळे तिची वही वेगळी ठेवा, नाहीतर सरळ सांगा की आम्ही फक्त सदका घेतो. सदका कोणालाही देता येतो, त्याला अशी बंधनं नाहीत. आधी विचारलंत तर लोकांचा भरवसा वाढतो.

आधारची झेरॉक्स घेऊ नका. साठ झेरॉक्स देवळातल्या उघड्या कपाटात पडून राहणं हे त्या माणसांच्या जिवाला घोर लावणं आहे, आणि तुम्हाला तिचा उपयोगही नाही. घराला एक नंबर, जेवणारी तोंडं, कार्डाचा प्रकार, एक फोन, बस्स. कोणी दोनदा नेईल ही भीती प्रत्येक कमिटीत निघते. नेईलही एखादा. ते पकडायला केलेली चौकशी बाकीच्या एकोणसाठ जणांना सोसावी लागते. सदक्यात नियत देणाऱ्याची बघितली जाते, घेणाऱ्याची उलटतपासणी आपल्याकडे सोपवलेली नाही.

त्यापेक्षा तेवढा वेळ रेशनवर घाला. बाहेरगावचं कार्ड असलेल्यांना वाटतं की ते इथे चालत नाही. "एक देश एक रेशन कार्ड"मुळे इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं, आणि घरातले काही गावी असतील तर त्यांचा वाटा गावी उचलता येतो. अडतं बहुतेक वेळा आधार जोडणीवर किंवा ई-केवायसीवर. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही. तुमच्यातल्या एका शिकलेल्या मुलाने आठवड्याला दोन घरांबरोबर दुकानात किंवा शिधावाटप कार्यालयात जायचं ठरवलं, तर वर्षभरात तुमचं तांदळाचं ओझं खूप हलकं होईल.

देणगीदारांना कराचंही आधीच स्पष्ट सांगा. वस्तुरूपातल्या देणगीला देणगीवरची आयकर सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखतात ती) नाही, २००० रुपयांवरच्या रोखीलाही नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही. पावती मागून भांडण नको.

लोकमान्यनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आरती दार उघडण्याआधी, सेवेकऱ्यांपुरती, याला ज्येष्ठ तयार झाले. गीतेच्या श्लोकांनी काम केलं. आता दोन नवे प्रश्न. गणपती झाले की लगेच पितृपक्ष. पंधरा दिवसांत "वडिलांच्या नावाने जेवण घाला" म्हणून बरेच जण येतील. आणि आमच्या आजीबाई म्हणतात, घरोघरून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायला सांगू. दोन्ही कसं हाताळावं?

प्रतिसाद – शिधा_ठाणे

पितृपक्षात, अक्षय्य तृतीयेला, रमजानमध्ये आणि नाताळात दान उतू जातं. आषाढात पावसाने नाक्यावरचं काम बंद पडतं तेव्हा वही कोरी असते. त्यामुळे पितृपक्षातल्या देणाऱ्याला नाही म्हणू नका, पण शिजवलेलं घेऊ नका. भात-भाजी ६० अंशांच्या वर गरम ठेवायची सोय नसेल तर दोन तासांत धोका सुरू होतो, आणि भातातले जंतू शिजवूनही पुरते मरत नाहीत. त्यांना तिथीची वही दाखवा: वडिलांच्या नावाने एका घराची वर्षाची डाळ, म्हणजे महिन्याला ४ किलो. पैसे आज घ्या, खरेदी दर महिन्याला करा. वर्षश्राद्धाच्या दिवशी "आपल्या वडिलांच्या नावाची डाळ गेली" एवढा निरोप पाठवा. कोणाच्या घरी गेली ते सांगायचं नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये ही रीत देणाऱ्यांनाही पटते.

आजीबाईंचा विचार सुंदर आहे आणि आपल्याकडे त्याला परंपरा आहे. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाचं धान्य असंच घरोघरून जमायचं. अडचण एवढीच की ४० घरांचा तांदूळ एका डब्यात पडला की जुना-नवा, कोलम-आंबेमोहर असं सगळं एकत्र येतं. अर्धा भात गाळ होतो, अर्धा फडफडीत राहतो, आणि एका घरातला सोंडा सगळ्यांच्या धान्याला लागतो. म्हणून तांदळाऐवजी मूठ मुगाच्या डाळीची ठेवा, आणि ती सगळ्यांनी एकाच दुकानातून, एकाच प्रतीची घ्यायची. एकादशी करणाऱ्यांनी त्या दिवशीच्या जेवणाची डाळ त्यात टाकावी. घरोघर अर्धा किलोचा झाकणाचा डबा द्या, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गोळा करा, त्याच संध्याकाळी चाळून तोला आणि रविवारच्या पहिल्या पाळीत वाटून मोकळे व्हा. मुठीची डाळ पोत्यांच्या साठ्यात मिसळू नका. तिच्या पुड्यांवर वेगळी खूण करा, म्हणजे कीड निघाली तर ती कुठून आली ते कळेल.